पाहून दिलीस का?

१९ मार्च, दुपार

प्रिय नवाब,

सलाम. तू खुशाल असशील असं धरून चालते. दुकानावरच्या फलकावर तरी चांगला गुबगुबीत दिसतोस. इकडे आम्ही ठीक. तुझ्या दुल्हाभाईंचा खोकला गेला, पण सवय राहिली, घरात शिरताना दारातच एकदा खोकतात. माझी दवाखान्यातली नोकरी चालू आहे. ड्रेसिंगच्या खोलीत दिवसभर लोकांच्या जखमा धुते आणि वर त्यांच्याच शिव्या खाते, त्यामुळे माझी जीभ गोड राहिलेली नाही हे तुला ठाऊक आहे. अम्मीचं पुढे लिहिते.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोन तुझा मॅनेजर उचलतो. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, आपण कोण?" मी त्यांची बहीण, असं म्हटलं की तो विचारतो, "कोणत्या कामासंदर्भात?" बहीण असण्याचं काय काम असतं, हे मला त्याला सांगता येत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'खाजगी' लिहिलं आहे. तरी तोच फोडेल. फोडू दे. वाचून झालं की साहेबांच्या हातात ठेव म्हणावं.

तुझं आमंत्रण पोचलं. कार्ड इतकं जाड आहे की दुल्हाभाईंनी ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालून पाहिलं. छान बसलं. मी काढून घेतलं, कारण त्यावर अब्बांचं नाव आहे. गोरगरिबांसाठी दानभवन बांधलंस, त्याच्या दारावर अब्बांचं नाव घातलंस, आणि फीत अम्मीच्या हातून कापायची. स्टेजवर तिच्यासाठी मखमली खुर्ची ठेवणार आहेस, हेसुद्धा तुझ्या मॅनेजरने खाली पेनाने लिहून कळवलंय. शिवाय तिने पांढरे कपडे घालावेत, फोटोत खुलून दिसतात.

वा रे नवाब. नवं घर बांधून झालं की अम्मीला घेऊन जातो, असं म्हणाला होतास. घर बांधून झालं. त्याच्यापुढे कारंजंही झालं. तुझ्या दुकानातल्या सगळ्यात महागड्या फरश्या घरभर लागल्या आणि अम्मीचा पाय घसरेल म्हणून तिला नेणं लांबलं. मग जिन्याचं कारण निघालं. मग मी विचारायचं सोडलं. ती मात्र सोडत नाही. रस्त्यावर गाडी थांबली की अजून खिडकीशी जाते.

तू माझ्यावर चिडशील आणि म्हणशील, आपा जळते. दान करणाऱ्याचं कौतुक करायचं सोडून नाकं मुरडते. तर ऐक, जकात देणं तुझं कर्तव्य आहे, ते तू पार पाडतोस, त्यात मला बोलायला जागा नाही. पण वर्षभर लोकांना बाथरूमच्या फरश्या विकून जे कमावलंस, त्यातला गरिबांचा हक्क त्यांना देताना लाउडस्पीकर कशाला लागतो? पिशव्यांवर दुकानाचं नाव छापलंस. तांदळाच्या पिशवीवर तेच, तेलाच्या डब्यावर तेच, चादरीच्या कोपऱ्यातसुद्धा तेच. बिचारी माणसं झोपेतही तुझी जाहिरात अंगावर घेणार.

अब्बा कसे द्यायचे, आठवतं? तू लहान होतास, पण इतकाही नव्हतास. मागच्या गल्लीतल्या शिंपिणीकडे ते गव्हाचं पोतं घेऊन गेले होते. भर दुपारी, सगळे आत झोपलेले असताना. तिला म्हणाले, "बहीण, आमच्याकडे उंदीर झालेत, हे जरा तुमच्याकडे ठेवून घ्या." आणि परत कधी मागायला गेले नाहीत. तीसुद्धा समजली. पुढे अब्बा दिसले की ती हसून विचारायची, "भाईसाहेब, उंदीर गेले का?" आणि अब्बा म्हणायचे, "कुठले जातात!" ती मान वर करून घ्यायची, हे मान खाली घालून द्यायचे. त्या माणसाचं नाव तू दारावर दिवे लावून टांगणार. ते असते तर मागच्या दाराने पळून गेले असते.

असो. मूळ मुद्द्यावर येते. मघापासून टाळते आहे.

अम्मी तुझ्या कार्यक्रमाला येणार नाही. तुला वाटेल, आपाने कान भरले. नाही. मी तर म्हटलं होतं जा, खुर्चीवर बस आणि माइक हातात आला की त्याची चांगली हजेरी घे. तीच नको म्हणते. कारण तुझ्या लाइनीत उभ्या राहिलेल्या बायका त्या दिवशी समोर बसलेल्या असणार, आणि त्यांनी तिला ओळखलं तर तुझी अब्रू जाईल, असं तिला वाटतं.

कसं ओळखतील, विचार.

गेल्या आठवड्यात तू दुकानासमोर जकात वाटलीस ना? मी ड्यूटीवर होते. अम्मीने कपाटातला इस्त्रीचा बुरखा काढला, शेजारणीला सांगितलं की मुलाकडे जाऊन येते, आणि एकटी रिक्षा करून तुझ्या दुकानावर आली. तिला तुला बघायचं होतं. बस, एवढंच. फोनवर मॅनेजर बोलतो, घरी जावं तर सूनबाई कपाळाला आठ्या घालते, दुकानात तर कोणी हाकलणार नाही, असा तिचा हिशोब.

तुझ्या दारावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं. ती म्हणाली, "मला मालकांना भेटायचंय." तो म्हणाला, "आज साहेब कोणाला भेटत नाहीत, आज फक्त वाटप. घ्यायचं असेल तर लाइनीत राहा, मावशी." तुझी आई आहे, असं तिने का सांगितलं नाही, हे मी तिला चारदा विचारलं. म्हणाली, "त्याच्या नोकरासमोर कशाला सांगू, त्याला कमीपणा." आणि लाइन कुठे जाते, तर तुझ्यापर्यंतच जाते. मग लाइन तर लाइन.

रोजा धरून उन्हात ती उभी राहिली. पुढच्या बाईने तिच्यावर आपल्या ओढणीची सावली धरली. मागचीने विचारलं, "खाला, तुम्हाला कोणी नाही का?" दारावर मावशी होती, लाइनीत खाला झाली. अम्मी हसली म्हणे. सगळा वेळ ती मनातल्या मनात हसतच होती. मला पाहून नवाब कसा दचकेल, कसा टेबल सोडून धावत येईल, सगळ्यांसमोर कसा ओरडेल, हेच तिच्या डोक्यात. पासष्टीच्या पुढची बाई, लहान मुलीसारखी लपाछपी खेळत उभी होती.

टेबलाशी पोचली तेव्हा तुझ्या फोटोवाल्याने सांगितलं, तोंडावरचं वर करा, फोटो काळा येतो. अनोळखी बाईला तोंड उघडं करायला लावायचं आणि ते पुण्य म्हणून छापायचं, हे तुला शोभलं. पण अम्मीने खुशीत वर केलं. तिला तेच तर हवं होतं. तुझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, भर उजेडात, उघड्या तोंडाने ती उभी राहिली आणि हसली.

तू तिच्या हातात गाठोडं ठेवलंस. फोटो निघेपर्यंत ते सोडलं नाहीस, तिच्याबरोबर धरून ठेवलंस. मग म्हणालास, "दुआ करा, खाला." आणि पुढच्या बाईकडे हात केलास.

तिने दुआ केली, नवाब. तिथेच, तुझ्या टेबलाशी. मग मागच्यांनी ढकललं म्हणून बाजूला झाली.

मी घरी आले तेव्हा गाठोडं जमिनीवर होतं आणि अम्मी खाटेवर. तोंडावर पाणी मारलेलं. मला वाटलं रडली असेल, रागावली असेल. मी तर ऐकता ऐकताच चप्पल पायात सरकवली होती, तुझ्या दुकानात येऊन तुझ्या काचा फोडायला. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्याची जकात बाद झाली ना ग?"

बघ, तिला कशाची काळजी. आईला जकात देता येत नाही. गरीब बहिणीला चालते, भावाला चालते, मामाला, चुलत्याला चालते, आईला नाही. तिला पोसणं आधीच तुझ्या गळ्यात आहे. तिला दिलेली जकात म्हणजे स्वतःच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणं. हे तू स्वतःच गेल्या वर्षी माइकवर सांगत होतास, मी ऐकलंय. आवाज आमच्या दवाखान्यापर्यंत येत होता.

अम्मीने गाठोड्याची गाठसुद्धा सोडू दिली नाही. गरिबांचा हक्क आहे, आपण हात लावायचा नाही. माझी मुलं त्याला वळसा घालून फिरतात. दुसऱ्या दिवशी तिने मला आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे पिटाळलं. नाव घ्यायचं नाही, अशी तंबी देऊन. मी विचारलं, "एका माणसाने चुकून स्वतःच्या आईला जकात दिली, तर काय?"

इमामसाहेब हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते. "स्वतःची आई चुकून कशी होईल? आंधळा आहे का?"

मी म्हटलं, "नाही. फरशीवाला आहे."

मग ते गंभीर झाले. म्हणाले, "देताना त्याने नीट पाहिलं असेल, खात्री केली असेल, आणि तरीही माणूस ओळखण्यात चूक झाली असेल, तर माफ आहे. जकात झाली. पण न पाहताच दिली असेल तर झाली नाही, पुन्हा द्यावी लागेल. एवढंच विचारून या, त्याने पाहून दिली का?"

घरी आले आणि अम्मीला तसंच्या तसं सांगितलं. ती जराही थांबली नाही. "पाहिलं होतं," म्हणाली.

मी म्हटलं, "अम्मी, काल तूच म्हणालीस, तो कॅमेऱ्याकडे बघत होता."

"काल मला आठवत नव्हतं. आता आठवलं. पाहिलं त्याने. माझ्या तोंडाकडे चांगलं बघितलं. डोळ्यांत डोळे घालून बघितलं. तू जा आणि इमामसाहेबांना सांग, पाहून दिली, त्याची जकात झाली."

आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई, नवाब. रोज्याच्या तोंडाने. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत.

मी इमामसाहेबांकडे गेलेले नाही. तिच्या वतीने खोटं मी सांगणार नाही, आणि तिला खोटी ठरवणारही नाही. गाठोडं तसंच पडून आहे. तूच कळव. फोटो तुझ्याकडे असेलच, काढून बघ हवं तर. मला दाखवू नकोस.

न पाहता दिली असशील तर काही मोठं नाही, तेवढी जकात पुन्हा दे. तुला काय कमी आहे? गाठोडं माझ्याकडे आहेच, फक्त एखाद्या बाईला द्यायची परवानगी दे. तिचा फोटो निघणार नाही, हे आधीच सांगते.

आणि अम्मी म्हणते तसं असेल, पाहून दिली असशील, तर काहीच करायला नको. तुझी जकात कबूल. तू आईच्या उघड्या तोंडाकडे नीट पाहिलंस, डोळ्यांत डोळे घालून पाहिलंस, आणि खाला म्हणालास.

दोन्हींपैकी कोणतं, ते तुझ्या हाताने लिही. मॅनेजरला लिहायला लावू नकोस. अम्मी रोज विचारते.

तुझी आपा,
त्या खालाची मुलगी