वापराची ओल

मंगळवार, ता. ४

लिहिणार इसम: वय वर्षे एकाहत्तर, धान्याच्या गोदामाचा निवृत्त मुख्य पहारेकरी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, अक्षर स्वतःचे. नावाची पाटी आजच दारावर लावली आहे. ज्याला हवे त्याने तेथे वाचावे. पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो की, आम्ही उभयतांनी आज या घरात राहण्यास प्रारंभ केला असून घर उत्तम आहे.

तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. भिंतींना पांढरा रंग ताजा दिलेला आहे. खिडक्यांच्या कड्या घट्ट बसतात. आतल्या खोलीत भिंतीलगत आमचा पलंग असा बसला, जणू माप घेऊनच खोली बांधली होती. सौ.ची छाती नाजूक आहे, दमट हवेत तिला खोकला सुटतो, म्हणून डॉक्टरांनी कोरडे घर पाहण्यास सांगितले होते. मुलाच्या घरी जागा होती. परंतु नळ नीट बंद करत जा, असे सूनबाईंनी मला पाहुण्यांसमक्ष सांगितले, त्यानंतर तेथे राहणे मला शक्य नव्हते.

घराच्या मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. किल्ली देताना त्यांनी सांगितले की, भिंतीची ओल आली तर ती माझी, वापराची ओल आली तर ती तुमची. ज्याची ओल त्याने बुरशी काढायची. मला हा व्यवहार पसंत पडला. जबाबदारीची हद्द स्पष्ट असली की भांडणास जागा उरत नाही. त्यांनी मला आजोबा म्हटले, ते मात्र पसंत पडले नाही.

सौ. म्हणाली, अहो, इथे सून नाही, आता भिंतीशीच भांडा. मी हसलो. ती मनापासून खूश आहे.

शुक्रवार, ता. ७

सामान लागले. समोर धोब्याचे दुकान आहे, दिवसभर इस्त्रीची वाफ रस्त्यावर येते. मी आपल्या खिडक्या सकाळी उघडतो आणि धोब्याची वाफ सुरू होण्यापूर्वी लावून घेतो. सौ. भिंतीच्या बाजूला झोपते. थंड लागते, बरे वाटते, म्हणते.

मंगळवार, ता. ११

आज सौ.च्या उशीजवळ भिंतीवर एक डाग दिसला. अंगठ्याएवढा, काळसर हिरवा, वर बारीक लव. ती लगेच ओला फडका घेऊन आली. मी तिचा हात धरला. डाग आपण पुसला म्हणजे तो आपला असल्याचे कबूल केल्यासारखे होते; मग पुढचा प्रत्येक डाग आपलाच. सौ. म्हणाली, अंगठ्याएवढा तर आहे, पुसते आणि मोकळी होते, तुमचा मान काही त्याला चिकटलेला नाही. मी फडका काढून घेतला.

मालकीणबाईंना खाली बोलावले. त्यांनी डागाला नाक लावून वास घेतला, बोट फिरवले आणि म्हणाल्या, आजोबा, ही वापराची. लगेच पुसून टाका. मी म्हणालो की आम्ही खोलीत पाणी सांडत नाही, स्वयंपाक बाहेरच्या खोलीत होतो, तेव्हा वापर कसला? त्या म्हणाल्या, श्वास घेता ना? मागचे भाडेकरूही आधी असेच तावातावाने बोलत होते.

गोदामात पोत्यांच्या थप्पीला मी खडूने रेघ मारून ठेवत असे. थप्पी हलली की रेघ मोडे आणि चोर सापडे. त्याच रीतीने डागाभोवती पेन्सिलीने रेघ काढली, शेजारी तारीख घातली. आता ओल कुठून येते ते कळेलच.

गुरुवार, ता. १३

डाग रेघेबाहेर गेला आहे. नवी रेघ काढली.

मला मालकीणबाईंचा संशय आहे. वर जाऊन त्यांची जमीन पाहिली. आमच्या भिंतीच्या बरोबर वर त्यांचे लाकडी कपाट आहे, मागचा भाग कोरडा. न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. मी वाकून फरशी चाचपत होतो, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, आजोबा, तिथे काही पडले का तुमचे? त्यांच्या बोलण्यात हसू होते.

नंतर प्लंबर आणला. त्याने भिंत ठिकठिकाणी ठोकली, तळहात लावला आणि सांगितले, काका, आतून एकदम ठणठणीत कोरडी आहे. पाइपच नाही इथे. ओल बाहेरून बसते आहे, कुणीतरी अंगाने पुसल्यासारखी. काकूंना विचारा, रात्री भिंतीला कुशीत घेऊन झोपतात का. सौ.ने पदर तोंडाला लावला. मला विनोद आवडला नाही.

रविवार, ता. १६

मालकीण नाही, तर उरले कोण? आम्ही दोघेच. मी अंघोळीनंतर अंग कोरडे करूनच आत येतो. तेव्हा सौ.ला विचारले की, माझ्या अपरोक्ष ती ओले कपडे आत वाळत घालते काय.  ती म्हणाली, आयुष्यभर पोत्यांवर नजर ठेवलीत, आता माझ्यावर ठेवा. मी पण एक पोतंच.

तिच्या केसांचा टॉवेल तपासला. कोरडा होता. अंघोळ करून ती नुकतीच बाहेर आली होती आणि टॉवेल कोरडा होता.

मुलाचा फोन आला. बाबा, झाले गेले सोडा, आईला घेऊन या, असे म्हणाला. मी सांगितले की दुसऱ्याच्या बुरशीचा आळ डोक्यावर घेऊन मी घर सोडणार नाही. आधी हिशेब लागू दे की ओल कोणाची. शिवाय सौ.चा खोकला थांबला आहे. घर वाईट असते तर खोकला थांबला असता काय?

बुधवार, ता. १९

रेघा आता पुष्कळ झाल्या आहेत. एकात एक. आज चष्मा पुसून दारापर्यंत मागे सरलो आणि प्रथमच सर्व एकत्र पाहिल्या.

खांदा. कमरेचा खोलगट भाग. दुमडलेले गुडघे. कुशीवर झोपलेली बाई.

पलंगावर सौ. तशीच झोपलेली होती, भिंतीकडे तोंड करून. मी रेघ आणि ती, आळीपाळीने पाहिले. फरक नाही.

तिचा हात हातात घेतला. कागदासारखा लागला. घाम नाही, ओठांवर ओलावा नाही. पाणी दिले तर म्हणाली, नको, तहान कुठे आहे. मी आरसा तिच्या नाकापाशी धरला, ती बोलत होती, आणि आरशावर वाफ धरली नाही. तिने विचारले, अहो, हे काय नवीन? मी म्हणालो, चोर शोधतो आहे.

तिचे अंथरूण बाहेरच्या खोलीत घातले. ता. २०, सकाळी: ती परत भिंतीपाशी होती. मी इथे कधी आले, असे तिनेच मला विचारले.

शुक्रवार, ता. २१

वर गेलो. मालकीणबाईंना विचारले की हा कोणता प्रकार आहे. त्यांनी मला बसा म्हटले. मी बसलो नाही.

मी म्हणालो की आमच्या वापराने असे होणे शक्य नाही. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमच्या वापराची असे मी कधी म्हटले? मी वापराची म्हटले.

मी उभाच. त्या सावकाश समजावू लागल्या, जणू मी पहिलीत आहे. तुम्ही घर वापरता. घरही तुम्हाला वापरते. नवे कुणी आले की थोडे चाखून बघते. बोटभर डाग येतो. तो तेव्हाच पुसला तर घराला कळते की इथे माणसे लक्ष ठेवून आहेत, पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून तर म्हटले होते लगेच पुसा. सगळे पुसतात. अंगठ्याएवढे गेले तर माणसाला कळतही नाही. तुम्ही मात्र रेघ काढलीत. हद्द आखून दिलीत त्याला.

आता पुसले तर, असे मी विचारले.

त्या म्हणाल्या, आता त्या पलंगावर जास्त आहेत की भिंतीवर, ते तुम्हीच बघा.

शनिवार, ता. २२

पलंगावर वजन नाही. चादर उचलली तर ती चादरीबरोबर—

बोलते मात्र. आवाज भिंतीकडून येतो. अहो, म्हणते, पाठ थंड झाली, पांघरूण घाला. कुठल्या पाठीवर घालू?

मुलाला फोन केला. ये म्हणालो. लगेच ये. चूक—नाही, ते आल्यावर सांगेन.

भिंतीवर आता केससुद्धा. अंबाडा. तो मी आखला नव्हता.

रविवार, ता. २३, दुपार

मालकीणबाई बादली आणि ब्रश घेऊन आल्या. म्हणाल्या, भाडेकरू बुरशी काढत नाही, तेव्हा मला काढावी लागते, घराला वास सुटला आहे. मी आडवा आलो. त्यांनी मला बाजूला सारून पायांकडून सुरुवात केली. एक फटका. पांढरी भिंत दिसली.

सौ. म्हणाली, अहो, माझे पाय—

मी ओरडलो की हात लावू नका. ती माझी आहे.

त्या थांबल्या. काय म्हणालात, परत सांगा. मी सांगितले. स्पष्ट, मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल असे, की ही ओल माझी, बुरशी माझी, सगळी जबाबदारी माझी, मी पहिल्या दिवसापासून—

त्यांनी मान डोलावली. बरे झाले, म्हणाल्या, हेच ऐकायचे होते. आणि ब्रश माझ्या हातात दिला. तुमची आहे तर तुम्हीच काढा.

ब्रश सोडता येत नाही. बोटांवर लव आली आहे. डाव्या हाताने लिहितो, अक्षर वाईट, क्षमा असावी. उजवा हात भिंतीकडे जातो, घासू लागतो, मी नेत नाही—

दार वाजते आहे. मुलाचा आवाज. आई, आई करतो आहे. ती भिंतीतून ओ देते.

समक्ष हजर असलेले इसम येणेप्रमाणे: मी स्वतः. मालकीणबाई, बादलीसह. मुलगा, दाराबाहेर. सौ., वय—सौ., भिंतीवर, कमरेपासून वर, माझ्याकडे तोंड करून. काल पाठ होती, आज तोंड. ती म्हणते, अहो, हळू, डोळे शेवटी—