शनिवारचा कॅमेरावर्ग, झाई

।। श्री ।।
डहाणू रोड,
१२ जानेवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या कानांनी राजीनामा दिल्यापासून फोनवर ओरडून मला खोकला होतो. तुझ्या नातवाला, समर्थला, मध्ये घालावं, तर उत्तरं तुझी न येता त्याची येतात. आजोबांच्या वतीने नातवंडांनी बोलायची पद्धत मला पसंत नाही. म्हणून यापुढे पत्र. रोजची डाक येते, सबब चालणार नाही.

बातमी अशी की मी पुन्हा शिकवायला लागले आहे. तलासरीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता झाईला दर शनिवारी कॅमेरा शिकवते. दिवाळीत तू दिलास तोच तुझा जुना कॅमेरा. सकाळची बोर्डीवरून जाणारी एसटी पकडते आणि समाजमंदिराच्या ओट्यावर वर्ग भरवते. विद्यार्थी चार. रुपल, ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिची आई मालू, म्हणजे बोंबील वाळवणारी आणि बाजारात विकणारी बाई. मुलगी एकटी काय शिकते ते बघायला आली आणि बसून राहिली. ग्रामपंचायतीतली निलम. आणि चिमणकाका, ज्यांना वाडीतल्या चिकूंवर बसणाऱ्या पोपटांचे फोटो काढून पोपटांविरुद्ध पुरावा गोळा करायचा आहे.

खरा वर्ग रुपलसाठी आहे. तलासरीत देवेशभाईंचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. हळदीला बायका पुरुष फोटोग्राफरला आत घेत नाहीत, म्हणून त्यांना मुलगी हवी आहे. पण त्यांनी रुपलला तोंडावर सांगितलं की ऑटोवर बटण दाबणारी नको, ऑटोवर तर नवरदेवाचा मेहुणापण मारतो. एकवीस फेब्रुवारीला तलासरीत एका हळदीला तिची परीक्षा. सगळं मॅन्युअलवर. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर एक मार्चपासून राज्याच्या हद्दीपलीकडच्या कंपनीत पॅकिंगला बारा तास उभं राहायचं. तिच्या वडिलांनी, मोतीरामने, सुपरवायझरला शब्द देऊन ठेवला आहे. तिने तिथे मागे सात महिने काढले आहेत. पुन्हा जायच्या नावाने तिचा चेहरा पडतो.

पाच शनिवार उरले आहेत. कॅमेऱ्याची चकती एम या अक्षरावर फिरवून मी तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली आहे. परतीचे दोर कापले! मला चाळीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतंय, हे कोणाला सांगू नकोस.

सौ. रश्मीला आशीर्वाद. गोळ्या वेळेवर घे. माया आहे, ती पत्राला उत्तर देणाऱ्यांवर जास्त राहील.
तुझी,
लतिकाताई

।। श्री ।।
भुसावळ,
१८ जानेवारी २०२५

ती. लतिकाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रश्मीने मोठ्याने वाचून दाखवलं, मला ऐकू आलं नाही, मग मी स्वतः वाचलं. ताई, कॅमेरा मी तुला दिला तो खिडकीतून बुलबुल टिपायला. तू तो समुद्रावर नेलास! रेल्वेत गार्डच्या नोकरीत मी निवृत्त होईपर्यंत एक कंदील हरवला नाही, आणि तुला माझा कॅमेरा चार नवशिक्यांच्या हातात द्यायला तीन महिने लागले नाहीत. खारी हवा सोन्याचं लोखंड करते, तिथे इलेक्ट्रॉनिकचं काय! जपून.

आणि मॅन्युअल एकदम? नवशिक्याला आधी ऑटोवर हात बसू दे. मी स्वतः अर्थात पहिल्यापासून मॅन्युअलच वापरत आलो, पण प्रत्येकाला ती दृष्टी नसते. त्या मुलीवर तू तुझ्या सहामाही परीक्षेसारखा ताण टाकू नकोस. तुझ्या तासाला मुलं शिंकायलासुद्धा परवानगी मागत, हे मी विसरलेलो नाही.

पण परीक्षेचं वाचून मलाही धडधड झाली. काय झालं ते कळव. धाकट्यावरचा राग पोस्टाच्या तिकिटाएवढाच ठेवावा, ही विनंती.
तुझा,
प्रल्हाद

।। श्री ।।
डहाणू रोड,
२६ जानेवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा उपदेश वाचला आणि बाजूला ठेवला. आता ऐक. म्हणजे वाच.

तीन गोष्टी शिकवायच्या होत्या. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, अपर्चरचं भोक केवढं ठेवायचं, आणि आयएसओ, म्हणजे आतल्या सेन्सरने उजेडासाठी किती हावरट व्हायचं. शटर त्यांना लगेच कळलं. आयएसओ चिमणकाकांना कळला. ते म्हणाले, जास्त हावरट झालं की फोटोत कण दिसतात, म्हणजे हावरटपणा लपत नाही. पण अपर्चरपाशी गाडी अडली. आकडा मोठा तर भोक लहान, आकडा लहान तर भोक मोठं. मी अपूर्णांक मांडले, चाळण्या आणल्या, फळ्यावर वर्तुळं काढली. निलम तोंडाने हो म्हणत होती आणि चकती उलटी फिरवत होती. माझा आवाज चढला.

तेव्हा मागे बसलेली मालू हसायला लागली. तिने मला विचारलं की मॅडम, कोळंबी कशी घेता? मी म्हटलं, किलोवर. तर ती म्हणाली की तसं नाही, किलोला वीस नग म्हणजे कोळंबी मोठी, किलोला साठ नग म्हणजे बारीक. आकडा वाढला की माल बारीक झाला, यात शिकवायचं काय एवढं? प्रल्हाद, निलमने तिथेच चकती सुलट फिरवली! मग चौघंही धडाधड बरोबर सांगायला लागले. अपर्चरचा आकडा एफ चार म्हणजे मोठी कोळंबी, एफ सोळा म्हणजे बारीक जवळा. एकतीस वर्षांत इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नाही. मी तिला वर्गासमोर शाबासकी दिली. तिने पदराने तोंड झाकलं, पण तेवढ्यापुरतंच.

रुपलची प्रगती उत्तम. भर उन्हात आयएसओ शंभर, एफ अकरा, शटर एका सेकंदाचा अडीचशेवा भाग, हे ती झोपेतही सांगेल. आता तिला घरी अभ्यास दिला आहे: कॅमेरा आठवडाभर तिच्याकडे, किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी टिपायचे. तुझ्या खाऱ्या हवेची मला काळजी आहेच. मी तिला आणि मालूला बजावून सांगितलंय की खाऱ्या वाऱ्याचा एक कणही कॅमेऱ्यावर राहता कामा नये, घरात नेण्याआधी तो स्वच्छ झालाच पाहिजे. झालं समाधान?

जिव्हाळा शाबूत आहे.
तुझी,
लतिकाताई

।। श्री ।।
डहाणू रोड,
६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मी बरी आहे. हवा ठीक आहे. वर्ग चालू आहेत. समर्थची परीक्षा जवळ आली असेल, त्याने गणिताचा सराव लिहून करावा. कामात आहे, जास्त लिहीत नाही.
लतिकाताई

।। श्री ।।
भुसावळ,
१० फेब्रुवारी २०२५

ती. लतिकाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाच ओळींचं पत्र मिळालं. ताई, तू हवेबद्दल लिहिलंस! रश्मीने पत्र उलटून पाहिलं, पाठीमागे काही आहे का म्हणून. वर्गाची एकही फुशारकी नाही, मालूबाईंचा शब्द नाही, आणि कॅमेऱ्याचं नावसुद्धा नाही. गाडीचा मागचा डबा दिसेनासा झाला तर गार्ड शिट्टी मारतो. तशी मी मारतो आहे. काय झालं?

तुला सांगणं सोपं जावं म्हणून आधी मी माझं सांगतो. त्या कॅमेऱ्यावर अकरा वर्षांत मी एकही फोटो मॅन्युअलवर काढलेला नाही. एकदा प्रयत्न केला होता, रश्मीच्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला. सगळे फोटो काळे आले. त्या दिवसापासून चकती ऑटोच्या हिरव्या खुणेवर, आणि तोंडाने मॅन्युअलच्या गप्पा. रश्मीला माहीत होतं, तिने मला कधी उघडं पाडलं नाही. आता तू पाड.

कॅमेऱ्याचं काही झालं असेल तर झालं. त्या मुलीची परीक्षा अकरा दिवसांवर आहे, ते महत्त्वाचं. काय ते लिही. ताईपणा थोडा बाजूला ठेवून लिहिलंस तरी मान तेवढाच राहील.
तुझा,
प्रल्हाद

।। श्री ।।
डहाणू रोड,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

कॅमेरा गेला. मालूने तो धुतला.

हसू नकोस. किंवा हस, तुला हक्क आहे. एकतीस जानेवारीला त्या दोघी किनाऱ्यावरून घरी आल्या. रुपल बोंबील उचलून ठेवत होती. मालूने दारातच कॅमेरा गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढला आणि सावलीत पालथा घालून ठेवला. उन्हात ठेवला असता तर वरचं काळं कातडं तडकलं असतं, एवढी काळजी घेऊन! त्यांच्याकडे होडीचं इंजिन, सुऱ्या, टोपल्या, सगळं खाऱ्यातून आलं की गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. डहाणूच्या दुरुस्तीवाल्याने आतला भाग काढून दाखवला आणि मान हलवली.

त्याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, चिमणकाका आणि निलम यांच्यासमोर मी मालूला अडाणी म्हटलं. ती टोपली उचलून गेली, तिच्या मागे रुपल. नंतरच्या शनिवारी दोघी आल्या नाहीत. चिमणकाका मला म्हणाले की कॅमेरा काय, दुसरा येईल. पण माणूस दुखावला तर काय, हे पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी झाईला गेले. मालू दोऱ्यांवर बोंबील अडकवत होती. मी तिला म्हटलं की चूक माझी होती, आणि तो शब्द मी परत घेते. तिने हात थांबवला नाही. म्हणाली की मॅडम, तुम्ही साफ कर बोलल्या, कशानं ते बोलल्या नाय. आमच्यात साफ म्हणजे पाण्यानं. बरोबर आहे, प्रल्हाद. मी अर्धा धडा दिला आणि पूर्ण गुण मागितले. मग ती म्हणाली की नुसत्या उभ्या काय राहता, तो जोड धरा. मी दुपारपर्यंत दोन-दोन बोंबील तोंडात तोंड घालून दोरीवर अडकवले. वास अजून हातांना आहे.

पण आता ऐक, खरी गंमत! तिथेच आम्ही वर्ग पुन्हा सुरू केला, कॅमेऱ्याशिवाय. रुपलने नुसतं बघायचं आणि आकडे सांगायचे. होडीच्या सावलीत काय? घराच्या दारात काय? ढग आला तर काय बदलशील, आणि आधी काय? मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप लावून पडताळते. पहिल्या दिवशी दहात चार बरोबर, काल दहात नऊ. आणि मालू! ऊन किती चढलं हे तिला बोंबलाच्या अंगावर कळतं. काल ॲपच्या आधी तिने सांगितलं की आता आकडा एक घर कमी करा, पातळ ढग येतोय. मी वर पाहिलं तेव्हा तो यायचाच होता.

देवेशभाई परीक्षेला त्यांचा कॅमेरा देणार आहेत. वेगळ्या कंपनीचा, रुपलने हातात धरलेलासुद्धा नाही. सात दिवस राहिले. माझी झोप उडाली आहे, पण काळजीने नाही, उत्साहाने.

तुझ्या कबुलीबद्दल आत्ता काही म्हणत नाही, वेळ नाही. माझ्यावरचा लोभ कॅमेऱ्याबरोबर वाहून गेला नसेल, असं धरून चालते.
तुझी,
लतिकाताई

।। श्री ।।
डहाणू रोड,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पोस्टकार्ड परवा मिळालं. निदान स्वच्छ तरी झाला, एवढंच लिहिलंस. मालूला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की शेजारीण बघायला आली.

कालची हळद. मी, मालू आणि रुपल सकाळी सातला तलासरीत. मी ठरवलं होतं की मांडवाबाहेर खुर्चीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. देवेशभाईंनी कॅमेरा हातात दिला. रुपलने एकच विचारलं, की तिन्ही आकडे कुठून बदलतात ते दाखवा. त्यांनी दाखवलं. तिने तीनदा फिरवून पाहिलं आणि आत गेली. त्यांना बायकांनी दाराशीच अडवलं. एक आजीबाई त्यांना म्हणाल्या की आलास तर तुलाही माखू आणि लग्न लावून देऊ. ते गाडीत जाऊन बसले.

मांडव पिवळ्या कापडाचा, आत अंधारल्यासारखा, आणि नवरीच्या पाठीमागे मोकळं अंगण, त्यात रणरणतं ऊन. असल्या जागी ऑटो अंगणाला भुलतो आणि नवरीचं तोंड काळं करतो. कापडाच्या फटीतून मी पाहिलं. रुपलने कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी नवरीचा गाल पाहिला, मग चकती फिरवली. मला आकडे दिसत नव्हते, पण माझे ओठ हलत होते: आठशे, एफ चार, अडीचशेवा भाग. मालू शेजारी उभी राहून माझा दंड दाबत होती. अजून दुखतोय.

मग जे कोणी सांगितलं नव्हतं ते झालं. बायकांनी गाणं म्हणत नवरीला उचललं आणि नाचत थेट उन्हात अंगणात! मी खुर्चीवरून उठले. ते आकडे घेऊन बाहेर आली तर फोटो पांढराफटक. पण प्रल्हाद, नवरी अजून सावलीतच होती, तेव्हाच रुपलची बोटं फिरली होती. ती पळत पुढे गेली, वळली आणि उलट्या पावलांनी चालत फोटो काढायला लागली.

नंतर देवेशभाई गाडीच्या मागच्या सीटवर लॅपटॉपला कार्ड लावून एकेक फोटो बघत बसले. आम्ही तिघी उभ्या.  अंगणातला पहिला फोटो आला, हळदीने माखलेल्या नवरीच्या पापण्यांवर पाणी, डोळे मिटलेले, एकेक केस स्पष्ट. त्यांनी त्याखालचे आकडे वाचले, आधीच्या फोटोचे वाचले, आणि विचारलं की मध्ये एकही वाया गेला नाही, कधी बदललेस? रुपल म्हणाली की बायकांनी गाण्याची चाल बदलली तेव्हाच कळलं, आता उचलणार.

ते म्हणाले की ठीक आहे, हळदीला आणि बायकांच्या बाजूला तुला ठेवतो. मालूने हात जोडले. मी सुटकेचा श्वास घेतला. आणि ही मुलगी काय म्हणाली? की फक्त बायकांची बाजू नको, उद्याचं लग्नही मी काढीन, वरातीसकट. उजेड काय बाई-पुरुष बघून पडतो का?  हातातली नोकरी घालवते की काय! गप्प बस म्हणायला मी तोंड उघडलं, आणि प्रल्हाद, आयुष्यात पहिल्यांदा न बोलता मिटलं. देवेशभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं की ही तुमचीच विद्यार्थिनी ना? आणि तिला सांगितलं की उद्या नऊला ये, दुसरी बॅटरी चार्ज करून ठेवतो. मोतीरामने रात्रीच सुपरवायझरला नाही म्हणून कळवलं.

आत्ता साडेअकरा झाले आहेत. बारा चाळीसचा मुहूर्त आहे. मी इस्त्रीची साडी नेसून तयार होते, पण गेले नाही. काल एसटीला बसताना रुपल खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली की मॅडम, राग मानू नका, पण उद्या तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की मी फोटो काढून आधी तुमच्याकडे बघते.

म्हणून घरी बसून तुला लिहिते आहे. साडी बदललेली नाही.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो तसाच असू द्या.
तुझी,
लतिकाताई