कुंपणापलीकडचं नाक

मी, लामेक नझोंबे, धंद्याने शिंपी, मुक्काम थोंडवे, जिल्हा झोंबा, डोकं ठिकाणावर, हात थोडा थरथरता आणि नाक पूर्ण कामातून गेलेलं अशा स्थितीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी असं काही लिहिलेलं नाही. लिहा म्हणून कोणी मागेही लागलं नाही.

कलम एक. घर, परसू आणि पेरूची झाडं आमच्या रीतीप्रमाणे माझ्या बहिणीचा मुलगा फ्रॅकसन याला मिळतील, मात्र कलम पाचमधली अट पाळली तरच. आम्हाला मूलबाळ नाही. तो लिलोंग्वेला असतो. फोन करतो, "मामा, जेवलात का?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून देतो. मुलगा वाईट नाही, घाईत असतो.

कलम दोन. शिलाई मशीन चर्चमधल्या मुलींना द्यावं. पायडल जड आहे, तेल घालत राहावं. माझी दिवंगत पत्नी डोरिका हिचं निळं लुगडं शवपेटीच्या आत ठेवावं. वर ठेवू नये, लोक उचलून नेतात.

कलम तीन. शेजारीण एलुबी चिकोपा हिचा आरोप आहे, की तिच्या मुलीच्या लग्नाच्या झग्यातलं हातभर कापड मी खाल्लं. चर्चच्या आवारात, सगळ्यांदेखत म्हणाली ती. तेव्हा आमचं बोलणं तुटलं, ते डोरिकाच्या दफनालाही जुळलं नाही. मी इथे पुन्हा लिहितो, की कापड धुतल्यावर आटलं. या बाबतीत मी मेल्यावरही माघार घेणार नाही.

कलम चार. कोंबड्या. डोरिका गेली आणि फ्रॅकसनने मला सहा कोंबड्या आणून दिल्या. "तेवढीच सोबत, मामा," म्हणाला आणि खाद्याचं भलंमोठं पोतं टाकून गेला. मला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पोतं स्वयंपाकघरात तसंच जमिनीवर ठेवलं. त्यात थंडीतलं चिपेरोनी सुरू झालं, आठवडाभर धुकं आणि भुरभुर. खाद्याला ओल धरली, आतून बुरशी आली. वरून दिसायला तसंच पिवळं. वासाने कळतं म्हणे, पण मागच्या एका तापात माझा वास गेला तो गेलाच. काळी कोंबडी मान टाकून मेली. तिला उचलत होतो, तोच कुंपणापलीकडून आवाज आला.

"अहो शिंपीबुवा, नाक आहे की खुंटी? तुमच्या पोत्याचा कुबट वास माझ्या चुलीपर्यंत येतोय! फेका ते, नाहीतर उरलेल्याही जातील!"

इतक्या वर्षांनी तिचे हे पहिले शब्द. मी म्हणालो, "मला वास येत नाही."

ती कुंपणाजवळ आली. म्हणाली, "पुढच्या वेळी आणाल तेव्हा मूठभर इकडे आणा."

तेव्हापासून दर शनिवारी फेलियाच्या दुकानातून आठवड्यापुरतंच खाद्य आणतो. विटांवर ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, जुनं संपल्याशिवाय नवं ओतत नाही. आणि ओतण्याआधी मूठभर कुंपणाशी नेतो. एलुबी डोळे मिटून वास घेते. "ताजं आहे," म्हणते. नाहीतर, "यातली सुकी मासळी खवट झालीय. परत करा, आणि फेलियाला म्हणावं, जरा लाज वाटू दे." मग तिचा गुडघा निघतो, दक्षिण आफ्रिकेत गेलेली मुलं निघतात, त्यांचे न आलेले फोन निघतात. मी उभा राहून ऐकतो. आठवड्यात माणसाशी बोलणं होतं ते एवढंच. बाकीचे दिवस मी कोंबड्यांशी बोलतो. फार एकटं वाटतं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

गेल्या महिन्यात अंगात कणकण होती, शनिवारी उठलोच नाही. दुपारी ती काठी टेकत दारात आली.

"सकाळपासून कुंपणाशी उभी आहे मी! येणार नसलात तर माणसाने सांगावं तरी!" असं ओरडली आणि रडायला लागली.

तोवर मला वाटायचं, शनिवारची वाट मी एकटाच बघतो.

कोंबड्या घराकडेच राहतील. अंडी एलुबीची.

कलम पाच, अट. या घरात जो राहील, फ्रॅकसन असो की त्याचा भाडेकरू, त्याने दर शनिवारी ताजं खाद्य आणून मूठभर कुंपणाशी न्यावं आणि एलुबीला विचारावं, "वास घेऊन सांगता का?" स्वतःचं नाक धडधाकट असलं तरी विचारावं. घाई करू नये. कोंबड्या उरल्या नाहीत तरी खाद्य आणावं. ती आहे तोवर हे चालू ठेवावं. न जमल्यास घर चर्चला जाईल.

साक्षीदार म्हणून आपणच सही करणार, असा एलुबीचा हट्ट होता. ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीला बसता येत नाही, असं मी तिला सांगितलं.

"अगंबाई! मग काय देताय मला?"

"अंडी."

"एवढंच? आणि माझं कापड?"

कलम पाचचं मी तिला सांगितलेलं नाही, साक्षीदारांनीही सांगू नये. खाद्य आणून झालं आहे. ती कुंपणाशी येऊन उभी राहिली आहे, म्हणून इथेच थांबतो.

सही: लामेक नझोंबे

साक्षीदार:
गेरवाझिओ मलुंगा, चर्चचे कारभारी (सही)
फेलिया संबाणी, खाद्याचं दुकान (सही)

थोंडवे, शनिवार, १४ जून २०२५