चौदा जोड नामंजूर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेली वेल्डिंग तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण एवढे लिहायला उजवा पुरतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकून पाहणारे नोकरीत बरेच भेटले, त्यांना विचारावे.

कलम १. घराचा तळमजला माझा, वरचा मजला धाकट्या भावाचा. माझा तळमजला आणि बँकेतली शिल्लक त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी. न्हाणीघरातला नळ गळतो. तो तिने आधी दुरुस्त करावा, भिंतींचे रंग मग निवडत बसावे.

कलम २. माझे भिंग, लांब दांडीचा आरसा आणि टॉर्चही तिलाच. ती यंदा वेल्डर झाली. कोणी "जरा भिंग दे गं" म्हणाले, तर त्याला चहा पाजावा, भिंग देऊ नये. माझी दोन भिंगे अशीच गेली ती गेलीच.

कलम ३. आमचे जुने सुपरवायझर. "बाई, आणीबाणीचा जनरेटर वर्षभर झोपूनच असतो, त्याच्या पाइपात एवढं काय बघता?" असे ते दर महिन्याला ऐकवत. बाहेरची वीज गेली की अणुभट्टी थंड ठेवणारे पंप त्याच्याच जिवावर चालतात, हे मीही दर महिन्याला सांगे. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना माझे गजराचे घड्याळ द्यावे. तेही दिवसभर नुसते बसूनच असते.

कलम ४. धाकट्या भावाला काहीही देऊ नये.

त्याच्यासारखा हात असलेला वेल्डर मी पाहिला नाही. हे त्याला कधी सांगितले नाही, इथे सांगते. पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. त्या जनरेटरच्या पाण्याच्या बारीक पाइपांचे जोड त्याच्याकडे होते. असा पाइप खोबणीत तळापर्यंत घालायचा, मग दीड मिलिमीटर मागे ओढायचा आणि मगच वेल्ड मारायचा. तापला की पाइप वाढतो. त्याला ती फट मिळाली नाही, तर जोड तडकतो. एक्स-रे फिल्मवर चौदा जोडांत फट नव्हती.

"ताई, एवढीशी फट! कोण बघतंय?" तो म्हणाला.

"मी," मी म्हणाले, आणि चौदाही जोड नामंजूर करून कापायला लावले.

ते बरोबरच होते, उद्याही तेच करीन. पण ती यादी मी सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने वाचली, वर "हात आहेत की हातोडे?" असेही विचारले. ती माझी चूक. मला माफी मागायची आहे. त्या महिन्यात तो फोरमन व्हायचा होता, ते राहून गेले. अकरा वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. निरोप भावजय आणते. तिला शिलाई मशीन मी आजच, जिवंतपणी, देऊन टाकले आहे. वर त्याच्या चपला वाजतात तेव्हा मला त्याची फार आठवण येते.

आता मुद्दा. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात ज्याला किंवा ज्याच्या बायकोला काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणूनच त्या दोघांसाठी छदामही ठेवलेला नाही. दुसरा साक्षीदार धाकटाच. दुसरा कोणीही चालणार नाही. तो खाली आला नाही, तर हा कागद रद्दीत घालावा. मग कायद्याने सगळे त्यालाच मिळेल, पण बोलायला मी नसेन.

वरील मजकूर मी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि सही केली.

सही: केली आहे, वाचताही येते.

स्थळ: तळमजला, स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: ९ तारीख, बुधवार, सकाळ

साक्षीदार पहिला: समोरचे शिंपी. सही. "बाईंनी माझ्यादेखत सही केली. मजकूर वाचलेला नाही. थोडा वाचला."

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही नाही. कागद भावजयीने वर नेऊन परत आणला. सहीच्या जागी त्याच्या अक्षरात:

"तेरा जोड माझे, कबूल. फट मी ठेवली नव्हती. चौदावा माझा नव्हता. त्यावरचा वेल्डरचा शिक्का पुसट होता, तू न बघताच माझ्या नावावर टाकलास. आकडा दुरुस्त कर. खाडाखोड केलेला कागद मी घेणार नाही, सगळं पहिल्यापासून परत लिही. उद्या सकाळी येतो, ताई."