देवीच्या रांजणातली मोटार

मु. हिर्डोशी,
चैत्र वद्य पंचमी

ती. सौ. बाळाआक्काच्या पायांवर धाकट्या सावळारामचा हिर्डोशीतूनच वाकून दंडवत. सोनबादाजींनाही दंडवत. पत्र तेच वाचून दाखवणार, म्हणून त्यांना एक विनंती आहे. सावकाश वाचावं, आणि हसू आलंच तर आधी एकट्यानं हसून घेऊन मग आक्काला सांगावं. (दाजी हसत हसत वाचायला लागले की अर्धी अक्षरं गिळतात आणि पत्राचा अर्थ बदलतो, हे मागच्या पत्रावरून कळलं आहे.) आक्का, तुझा गुडघा आता कसा आहे? निरगुडीच्या पाल्यानं शेकतेस ना? पासलीला भाताचे राब भाजून झाले का? आमच्याकडे झाले. सगळी खाचरं काळी दिसतात, आणि संध्याकाळी नीरेच्या अंगानं धूर इतका हळू वर चढतो की बघता बघता गुरं घरी आणायची राहून जातात.

इथे आई बरी आहे. डोळ्यांतला मोतीबिंदू तेवढा वाढतो आहे. चुलीतला जाळ दिसतो, दारात कुणी उभं राहिलं तर माणूस आहे एवढं दिसतं, कोण ते आवाजावरून कळतं. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला नेऊन काढून घ्या म्हणून सांगितलं, पण सुरीचं नाव काढलं की आई माळ्यावर जाऊन बसते, आणि दिसत नसताना तिला माळ्यावरून उतरवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. तिचं म्हणणं एकच आहे, की पुरतं अंधारून यायच्या आत बाळीचं तोंड एकदा डोळे भरून बघायचं. तुझा गुडघा गेल्यापासून तुला डोंगरवाट जमत नाही, आणि आईला बैलगाडीत बसवलं तर भोर यायच्या आतच तिचं कंबरडं मोडतं. म्हणून मोटार. लोक काहीही सांगतील, की सावळ्याला भोरच्या मोटारीवर क्लीनरकी केल्यापासून वेड लागलं. वेड नाही. कारण हे एवढंच आहे.

मोटार भाटघरच्या धरणाच्या कामावर कुणा साहेबाची होती. धरण झालं, साहेब गेला, मोटार राहिली, आणि पुढे एका गवळ्याच्या गोठ्यात तिच्यावर शेणी रचल्या गेल्या. आपली मोरी म्हैस देऊन मी ती आणली. आईनं तिच्या मडगार्डवरून हात फिरवला, हाताला लागलेला गंज हुंगला, आणि ही दूध किती देती म्हणून विचारलं. मी म्हटलं, ही तुला पासलीला नेईल. त्या दिवसापासून ती संध्याकाळी आपलं घोंगडं घेऊन गोठ्यात येते आणि मोटारीत माझ्या शेजारी बसते. चाकं नव्हती, खाली दगड लावले होते, टपाच्या चिंध्यांतून आभाळ दिसायचं. तशात आम्ही दोघं रोज निघायचो. मी चाक धरून सांगत जायचो, हे आता निगुडघर आलं, हे भोर, हा राजवाडा मागे पडला, हे नसरापूर, इथे चहा घेऊ. आई विचारायची, तोरणा दिसाय लागला का? मी म्हणायचो, लागला. खरं सांगतो आक्का, अशा कितीतरी वेळा आम्ही तुझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलो आहोत, फक्त तुला ते माहीत नाही.

अडचण होती ती गंजाची. इतका गंज मी जन्मात पाहिला नाही. बोल्ट कुठला आणि लोखंड कुठलं ते कळेना. पहिल्यांदा विटेच्या भुग्यानं घासलं, त्यात वीट संपली आणि माझ्या बोटांची सालं गेली. मग भोरच्या सोनाराकडून तेजाब आणला. त्यानं बजावलं होतं, की पाण्यात थोडा घालायचा, लोखंड बुडवायचं आणि समोरून हलायचं नाही. मी हललो नाही. चूक तिथेच झाली. चिनी मातीच्या बरणीत पिस्टनच्या कड्या आणि बोल्ट बुडवले आणि समोर बसलो, तर आतून बारीक बुडबुडे निघायला लागले. एकेक बुडबुडा कडीला धरून राही, थोडा मोठा होई, आणि मग सुटून वर येई. पाणी आधी पिवळसर, मग मधासारखं झालं. बघता बघता मला वाटायला लागलं, की साहेबानं ही मोटार जिथे जिथे नेली असेल ते सगळे रस्ते त्यातून सुटून वर येताहेत. (दाजी, इथे हसू नका.) मी समोरच होतो, डोळेही उघडे होते, पण मनानं वेल्ह्याच्या पुढे, पासलीच्या वाटेला लागलो होतो. परत आलो तेव्हा बरणीत पाणी होतं. बोल्टांच्या जागी काडीएवढं काहीतरी उरलं होतं, आणि कड्यांचं म्हणशील तर त्यांच्याविषयी मी आत्ता काही लिहीत नाही.

तेजाब नको, असं तेव्हा ठरवलं. आंबट गोष्टी गंज हळूहळू सोडवतात आणि लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत, हे क्लीनर असताना ऐकलं होतं. म्हणून चिंच वापरली. चिंच संपल्यावर आमसुलं घेतली. स्प्रिंगा जरा उजळल्या, पण आईची वर्षाची आमसुलं गेली आणि आमटी बेचव लागायला लागली. मग ताक. ताकात ठेवलेला कार्बोरेटर मांजरानं बाहेर काढला आणि चाटून सोडून दिला. शेवटी आईनं सांगितलं, की घरातल्या आंबटाला आता हात लावायचा नाही, दुसरीकडे कुठं मिळतं ते बघ. ती हे रागानं बोलली होती, मी ते मनावर घेतलं.

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तुला सांगायला नको. आपल्या देवीच्या देवळामागचा जमिनीत पुरलेला रांजण तुला आठवतोच. जत्रेआधी घराघरांतून नाचणीचं पीठ आणि ताक त्यात ओततात आणि ती आंबील तशीच आंबत राहते. या खोऱ्यात तिच्याहून आंबट काही नाही. मी विचार केला, की ती नुसतीच तर बसून आहे. एका तिन्हीसांजेला सगळे भाग सुतळीत ओवले, घोंगड्याखाली लपवून नेले आणि हळूच आत सोडले. कार्बोरेटर, स्प्रिंगा, ब्रेकच्या सळ्या, सगळं गेलं. उद्या याच वेळी काढून घेऊ म्हणून निवांत घरी आलो. भोरला राहून मी एक गोष्ट साफ विसरलो होतो. शेवटच्या घरचं पीठ पडलं, की रायबा गुरव रांजणाच्या तोंडाला फडकं बांधून वर शेणाचं लिंपण करतो. मग जत्रेच्या सकाळपर्यंत ते उघडायचं नाही, आणि आत जे पडलं ते देवीचं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर रांजण लिंपलेला होता.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. लिंपण फोडावं तर गाव घरावर येईल, न फोडावं तर लोखंड विरघळून जाईल. रोज देवळामागे जाऊन रांजणाला कान लावायचो. गावानं समजूत करून घेतली की सावळारामला देवाचं लागीर झालंय, आणि अंबूबाई तर मला वाकून नमस्कार करून गेली. आई मात्र गोठ्यात शेजारी बसली की विचारायची, कवा निघायचं खरं? मी म्हणायचो, जत्रा होऊ दे.

जत्रेच्या सकाळी सगळ्या गावासमोर रायबानं फडकं सोडलं. आंबील शाईसारखी काळी झाली होती. नाचणी आणि लोखंड एकत्र आंबली की असं होतं, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यावेळी ते कुणाला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. रायबानं पळी घातली, ती अडकली, त्यानं ओढली, तर सुतळीला धरून मोटार वर यायला लागली. आक्का, खरं तर मी पळून जायला हवं होतं, पण मला ते बघून आनंद झाला. एकेक भाग असा स्वच्छ करडा निघाला होता, की काल कारखान्यातून आला असावा. बायका मागे सरल्या. म्हातारा गेनबा धनगर तेवढा पुढे झाला, त्यानं एक पळी आंबील पिऊन बघितली आणि म्हणाला, “ग्वाड न्हाई, पर अंगात ताकद येती.” म्हणून गावानं ती ओतून न देता खाचरांच्या बांधांवर घातली. जत्रेसाठी दुसरी करावी लागली आणि तिची नाचणी मीच दळली.

पण लोखंडाचं काय करायचं? आत पडलं ते देवीचं, त्यामुळे मला ते परत मिळेना. मग देवीला कौल लावायचं ठरलं. रायबानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे लोखंड सावळारामला द्यायचं का? डावी पडली. नदीत सोडायचं का? पुन्हा डावी. लोखंड द्यायचंही नाही, टाकायचंही नाही, तेव्हा रायबाही गोंधळला. एवढ्यात आमची आई खांबाला धरून उठली आणि म्हणाली, “लोखंडाचं काय इचारताय? तिला कुठं जायाचं हाय ते इचारा की. पासलीची देवी तिची सख्खी भन. पोरं गिरणीत गेली, पालखीला खांदं राह्यलं न्हाईत, किती वर्सं झाली गाठ न्हाई दोघींची.” रायबानं नव्या कळ्या लावल्या आणि विचारलं, की मोटारीत बसून बहिणीला भेटायला जायचं का? त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली.

तेव्हापासून मोटार देवीची आहे आणि मी तिचा ड्रायव्हर आहे. सुतारानं चाकं बसवून दिली, सगुणाबाईनं लुगडी जोडून टप शिवला, मोटार तयार झाली, आणि जे लोक मला गोठ्यात चाक धरून बसलेला बघून हसत होते ते आता मडगार्ड पुसून जातात. अक्षय्य तृतीयेला देवी निघेल. मांडीवर देवी घेऊन बसायला जुन्या रिवाजाप्रमाणे एक म्हातारी सवाष्ण किंवा लेकुरवाळी लागते, आणि रायबानं त्यासाठी तुझ्यामाझ्या आईचं नाव घेतलं. तू येऊ शकत नव्हतीस, आता आईच येते आहे. पासलीच्या गावकऱ्यांना सांगून ठेव, ओटीचं सामान तयार ठेव, आणि गुडघ्याला ताण पडेल असं सारवण वगैरे काढू नकोस.

जास्त काय लिहू? भेटीत सगळं बोलू. दाजींच्या गुरांना आणि तुमच्या परसातल्या फणसालाही माझा राम राम.

तुझा धाकटा
सावळाराम

ता. क. वर मोटार तयार झाली असं लिहिलं आहे ते खरं आहे. ती फक्त चालत नाही. पिस्टनच्या कड्यांविषयी लिहीन म्हणालो नव्हतो, तरी लिहितो, की त्या तेजाबात गेल्या आणि तशा आता कुठे मिळत नाहीत. हिर्डोशीपासून भोरपर्यंत बराचसा उतार आहे, तिथे ती आपली आपण जाते. बाकी गावचे बैल नसरापूरपर्यंत येतील. पाहुण्या देवीला यजमान गावानं आपल्या बैलांनी आत न्यायचं असा जुना मान आहे, असं मी आपल्या गावाला सांगितलं आहे. तेव्हा दाजींनी आपली खिलारी जोडी नसरापूरला पाठवावी, आणि असा मान खरंच आहे का हे कुणी विचारलं तर हो म्हणावं.

आणखी ता. क. हे पत्र लिहून झाल्यावर आईजवळ बसलो होतो. ती बोलत होती, पण मी ज्या बाजूला नव्हतो त्या बाजूला तोंड करून. मी विचारलं, तर म्हणाली, आता चुलीतला जाळपण दिसत न्हाई, जत्रेच्या आधीपासनं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी मोटार सोडून दिली असती. मी म्हटलं, मग आता जायचं कशाला? तर म्हणाली, तोंड काय हातानंपण दिसतं. तेव्हा आक्का, आम्ही आलो की ओटीचं ताट घेऊन दारात गप्प उभी राहू नकोस. लांबूनच मोठ्यानं हाक मार, म्हणजे तिला कुठे बघायचं ते कळेल. आणि तिनं तोंडावरून हात फिरवला की रडू नकोस, ओलं लागलं की तिला कळतं. तिला मी सांगितलं आहे, की आपण मोटारीनं येतो आहोत, इंजिन चालू आहे, आणि साहेबाची मोटार असल्यानं आवाज करत नाही. ती म्हणाली, बरं. वाटेत खुरांचा आवाज झाला तर मी भोंगा वाजवत राहीन. दाजी, एवढंच करा, बैल पाठवताना त्यांच्या गळ्यातल्या घुंगूरमाळा काढून घरी ठेवा.