न वाकणारा आकडा

३ एप्रिल १९५६
मामंजींनी भिगवण स्टेशनाकडून रेल्वेच्या डब्याचा मोडका स्प्रिंगपाटा आणला. शेळगावच्या विहिरीवर दगड उपसायला यारी बसली आहे, तिचा आकडा यातून करायचा. दगडाची पाटी त्याच आकड्याला लटकून वर येणार, आणि तळात माझा दादा. भाता मी ओढला, घण यांनी मारला. बोलणी वर फुकट.

४ एप्रिल
आकडा देखणा झाला. म्हटलं, राखेत पुरून सावकाश निववू. मामंजी हसले. "आमच्या भट्टीतलं लोखंड पाणी पिल्याबिगर भाईर जात न्हाय." विळ्या-कुऱ्हाडीला पाणी पाजायचं ते धारेसाठी. आकड्याला कसली धार? पण घराची रीत! लालबुंद आकडा पाण्याच्या डोणीत बुडवला. वर मला, "बाप मेला आन् तुमची भट्टी इझली. आता मला शिकीवतीस व्हय?" हे चिमटा पुसत बसले.
माहेरी, लोणी भापकरला, आई गुऱ्हाळावर जायची. कढलेल्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की काच होते, दाताखाली कडकन फुटते. तोच पाक घोटत निववला की दाणा धरतो, दाबला तर दबतो. पोलादाचंही तसंच असणार. आत दाण्याला बसायला वेळच दिला नाही तर...

५ एप्रिल
मामंजी आकडा घेऊन शेळगावी गेले. त्यांच्या मागे मी पाट्याचा तुकडा तापवून तसाच पाण्यात घातला, ऐरणीवर ठेवून घण मारला. वाकलाच नाही, सरळ दोन तुकडे. मोडलेली बाजू साखरेसारखी चकाकत होती. यांना दाखवलं. "आबास्नी दावू नगंस," म्हणाले आणि तुकडे राखेत पुरले. मऊ लोखंडाचा निदान खिळा तरी होतो, यांचा तोही नाही.

७ एप्रिल
बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा दुसरा आकडा केला, राखेत निववला. शेळगावी पाठवायच्या आत मामंजींच्या हाती लागला. आळीतली माणसं गोळा करून त्यावर घण घातला. वाकला.
"बगा सूनबाईंची करनी."
मी म्हटलं, "वाकला तर वरच्याला दिसंल तरी. खालच्याला हाक मारंल. तुमचा न सांगता जाईल."
सगळे हसले. मामंजींनी तो वाकडा आकडा सुतळीत ओवून माझ्या गळ्यात घातला, दिवस मावळेपर्यंत तसाच भाता ओढायला लावला. हे समोरच होते. म्हाताऱ्याचा हात झडो.

९ एप्रिल
दादाला निरोप धाडला होता. त्याचं उत्तर मामंजींनीच आणलं, जेवताना सांगितलं, चवीनं. "तुजा भाऊ म्हनतोय, मामांचा हात लागलाय, भ्यायचं काय? आकडा केसभर बी वाकला न्हाय." हेच तर मी ओरडून सांगतेय.
उद्या तळातला मोठा धोंडा काढणार आहेत. आणखी एका विहिरीचं गिऱ्हाईक आलं, असाच आकडा पाहिजे म्हणे. मामंजींनी उरलेला पाटा भट्टीत सारला. "वढ भाता." ओढला.
यांना म्हटलं, पहाटे शेळगावी जाऊ, दादाला विहिरीत उतरू द्यायचं नाही. येता का?
म्हणाले, "आबास्नी इचारतो."