लेकीच्या भाषणाचा माईक

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोडियमवर दोन माईक हवेत म्हणे! का, तर फोटोत शोभून दिसतात. सभागृहाच्या व्यवस्थापकाला आज पुन्हा समजावलं — बाबा रे, माणसाला तोंड एकच आहे. दोन माईक शेजारी शेजारी लावले की आवाज माठातून आल्यासारखा पोकळ येतो. "पण पाहुण्यांना बरं वाटतं हो."

पाहुण्यांना! शनिवारची पाहुणी माझी लेक आहे. नदीच्या गाळावर इतकी वर्षं डोकं घातलं, त्यावर तिचं पहिलं जाहीर भाषण. समोर निवड करणारे बसणार, आणि यावरूनच तिला इथल्या संस्थेतली संशोधकाची जागा द्यायची की नाही ते ठरणार. पोरीचा आवाज मुळात हळू. शाळेत हजेरी दिलेलीसुद्धा बाईंना कळायची नाही. तिचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. ते तरी धड करू द्या!

५ फेब्रुवारी, बुधवार

वाकत्या मानेचा एकच माईक बसवला. हनुवटीच्या खाली, वीतभर दूर, जरासा बाजूला — म्हणजे 'प', 'फ' म्हणताना फुंकर थेट आत जात नाही. लोक मात्र घास घेतल्यासारखा माईक तोंडात ओढतात. नाहीतर टकटक करतात. दार आहे का ते?

पहारेकऱ्याला बोलायला उभं केलं. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. ट्रेबल, म्हणजे बारीक पट्टीचा आवाज, वाढवला, तरी तसाच. हल्लीचे माईक म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. पहारेकरी म्हणतो, "साहेब, बारीक शिट्टी वाजतेय." काही वाजत नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माईक बदलला. हाही तसाच! 'स' आणि 'श' कुठे गडप होतात देव जाणे. स्पीकर जरा मागे घेतले, ट्रेबल आणखी वाढवला. तेवढ्यात व्यवस्थापक तोंड वाकडं करत आला. "कानात सुई टोचल्यासारखं होतंय हो." ज्याला माईकची पुढची बाजू कुठली ते कळत नाही, तो मला शिकवणार! ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

घरी आलो तर ही वैतागलेली. "फ्रिजचं दार उघडं टाकलंत, केव्हाचा पीं पीं करतोय!" करत असता तर मी उठून लावलं नसतं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीची तालीम. दोन वाक्यं बोलली आणि थांबली. "बाबा, शिट्टी येतेय."

हिलापण! व्यवस्थापकानं कान भरलेले दिसतात. म्हटलं, घाबरलीस म्हणून तसं वाटतंय. मग म्हणाली, "कॉलरला लावायचा माईक घेऊ या का?" गळ्यातल्या साखळीला घासून खरखर करतो तो. नको म्हटलं. "बरं, तुम्ही म्हणाल तसं."

गुणी पोर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार



लेक बोलायला लागली, हळूच. मी आवाज चढवला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले. मग शेजारच्यांनी. मग सगळ्या रांगेनं! क्षणभर वाटलं, ठरवून आलेत की काय. आणि माझ्या पोटच्या पोरीनं भर सभेत हात पुढे करून माईक बंद केला! माझा माईक!

पोडियम सोडून खाली आली, पहिल्या रांगेसमोर उभी राहिली आणि घशाच्या शिरा ताणून बोलत राहिली. मधे खोकली. कागद मागेपुढे झाले. मागचे लोक एकेक करून उठून गेले. मी मिक्सरपाशी, आवाजाच्या बटणांसमोर, नुसता बसून.

गाडीत म्हटलं, बापाची अब्रू घालवलीस. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच नाही ऐकू आली?"



९ फेब्रुवारी, रविवार

अबोला. ही लेकीच्या बाजूनं. चहासुद्धा आदळून ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

जागा दुसऱ्या कुणाला दिली. मांडणी विस्कळीत वाटली म्हणे. ही रडली. लेक म्हणाली, "असू दे गं आई." माझ्याशी एका शब्दानं बोलली नाही, आणि दोषही दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सामान आणायला सभागृहात गेलो. पहारेकरी झाडत होता. काढण्याआधी म्हटलं, एकदा बघूच. माईक चालू केला, बटण शनिवारी होतं तिथवर वर नेलं. आवाज हाताबाहेर गेला की लागतो तो मिक्सरवरचा लाल दिवा लागला, तो विझेचना. पहारेकऱ्यानं झाडू टाकला, दोन्ही कान दाबून धरले आणि ओरडला, "साहेब, बंद करा!"

त्याचं ओरडणं ऐकू आलं. बाकी सगळं शांत होतं.